भांडायची पाळी

ओळ आली आणि गेली. पण मी वाचलेली. चष्मा डोळ्यावर होता, चहाचा कप हातात होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गादी उन्हात टाकत होतं, आणि फोनवर आमच्या ‘पाठकोरे’ ग्रुपात नेव्हिलचा मेसेज उमटला. ‘या रविवारी शरयूताईंशी भांडायची पाळी कोणाची? मागच्या खेपेला योगिनीने किल्ला लढवला. पुस्तक परत तेच येणार, मिठागराचं. मुद्दे नवीन काढा, प्लीज. त्यांना संशय यायला नको.’ शेवटच्या शब्दापर्यंत मी पोचते न पोचते तोच मजकूर नाहीसा झाला आणि मेसेज पुसल्याची करडी ओळ तेवढी मागे राहिली. मग नेव्हिलनेच एका झाडाचा फोटो टाकला आणि सुप्रभात म्हणाला. आमच्या ग्रुपात सुप्रभात म्हणायला बंदी आहे. ती बंदी मीच घातलेली, आणि नेव्हिल ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. तंतरल्याशिवाय हा गृहस्थ सुप्रभात म्हणायचा नाही.

शरयूताई म्हणजे मी. ठाण्याच्या कोर्टात भाषांतरकार होते. रिटायर झाले, नवरा गेला, मग विनीतने मला डोंबिवलीला त्याच्या घरी आणलं. माझी खोली गॅलरीच्या बाजूची, पुस्तकं पलंगाखालीसुद्धा. आणि हा ग्रुप. लोक म्हातारपणी भजनी मंडळात जातात, मी भांडायला जाते. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण अशी इकडची तिकडची वाचणारी माणसं नेव्हिलने गोळा केली. बँकेतून रिटायर झालेला हा ठाण्याचा जुना ख्रिस्ती, घरात त्यांची ती गोड बोली, आणि मराठी कादंबरीचं असं वेड की मला ‘बाय, हे वाचलं का?’ म्हणून दुपारची झोप मोडायचा. पद्धत मी घालून दिली. रविवारी सकाळी एकाने एका पुस्तकावर लिहायचं आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी ते लिहिणं धुवायचं. दगडावर आपटून धुवायचं. त्याला आम्ही रविवारचं धुणं म्हणतो. छान, मस्त, अप्रतिम असले शब्द हद्दपार. अंगठा दाखवायचा नाही, फुलं टाकायची नाहीत. ज्याचं लिहिणं धुतलं जात नाही त्याने समजावं की आपल्याला कोणी हिशेबात धरत नाही. अशा ग्रुपात पहिल्या महिन्यात अर्धी माणसं पळाली. उरली ती खरी.

आणि ती खरी माणसं माझ्याशी भांडायच्या पाळ्या लावतात?

पहिल्यांदा वाटलं, थट्टा आहे. नेव्हिलला थट्टेची खोड आहे. पण कोर्टातली सवय अशी मरत नाही. साक्षीदाराचं वाक्य जसं आहे तसं ठेवायचं, आपल्या सोयीचा अर्थ त्यात घुसवायचा नाही. मी ते वाक्य परत मनात मांडलं. ‘पाळी’ म्हणजे ठरवून केलेली गोष्ट. ‘मागच्या खेपेला’ म्हणजे आधीही झालेली. ‘परत तेच.’ या दोन शब्दांपाशी मी अडकले. परत तेच म्हणजे काय? मिठागरावरच्या त्या कादंबरीवर मी या रविवारी लिहिणार होते हे खरं. मनात सगळं तयार होतं. पण पहिल्यांदा लिहिणार होते. हे पुस्तक मी अजून ग्रुपात आणलेलंच नव्हतं, म्हणून तर इतके दिवस हुरूप वाटत होता. नवा कोरा मुद्दा हाताशी असला की मला सणासुदीसारखं वाटतं. चहा गार झालेला. मी कप खाली ठेवला आणि ग्रुपात बोटाने वर वर जायला लागले.

सापडलं. माझंच नाव, माझाच फोटो, आणि खाली मिठागरावरची कादंबरी. ‘महिपत मेल्यावर रंगूबाई विकल्या गेलेल्या मिठागरात जाऊन दिवसभर मीठ ओढत राहते, ते प्रकरण म्हणजे या पुस्तकाचा जीव आहे.’ हेच वाक्य मी आज सकाळी दात घासताना जुळवलेलं. हेच, शब्दाला शब्द. मी आणखी वर गेले. मध्ये दुसऱ्यांची पुस्तकं, त्यांची धुणी, माझे फटकारे, आणि मग परत माझा फोटो, रंगूबाई, पुस्तकाचा जीव. आणखी वर. परत. किती वेळा ते मी मोजलं नाही, छाती झाली नाही. मी गॅलरीचा कठडा धरला. समोरची बाई गादी झोडपत होती. तिच्याकडे बघत राहिले, कारण फोनकडे बघवत नव्हतं.

पण त्याहून वाईट पुढे होतं. प्रत्येक वेळी माझ्या लिहिण्याखाली भांडण होतं. सपाट, उरकलेलं नाही, चांगलं जिवंत. एका ठिकाणी योगिनी म्हणत होती, ‘ताई, ते प्रकरण भरती आहे. लेखकाला शेवट सुचेना म्हणून बाईला उन्हात राबवलंय.’ मी तिला झाडलेलं. ती परत उठलेली. दुसऱ्या ठिकाणी नेव्हिल म्हणत होता, रंगूबाई मीठ ओढत नाही, ती नवऱ्याचा राग काढतेय, आणि शरयूताईंना राग कळत नाही, फक्त दुःख कळतं. काय सुंदर घाव होता तो! मी त्यावर दिवसभर उत्तरं दिलेली. तिसऱ्या ठिकाणी आणखी कोणी भाषेवरून. त्या रविवारांची मला आठवण आहे. पुस्तक कुठलं, मुद्दा काय, काही आठवत नाही, पण अंगातली ती ऊब आठवते. ओट्यापाशी उभी राहून मी तावातावाने भाजी चिरत असायचे आणि शिवानी, माझी सून, म्हणायची, ‘आई, आज कोणाला चिरताय?’ रात्री झोप गाढ लागायची. मला वाटायचं, बाई, अजून धार आहे तुला. आणि ती धार दुसरेच कोणी पाळ्या लावून माझ्या हातात देत होते.

लोकांना वाटतं, होकार मिळाला की माणूस सुखी होतो. मी पस्तिशीतच या सुखाला विटलेले. आमचे हे, प्रभाकर, माझ्याशी कधी भांडले नाहीत. ‘तू म्हणशील तसं.’ पडद्याचा रंग, विनीतची शाळा, माझ्या वडिलांचं दुखणं, तू म्हणशील तसं. शेजारणी म्हणायच्या, भाग्यवान आहेस. मला वाटायचं, हा माणूस माझं ऐकत नाहीये, फक्त मला थांबवतोय. एकदा मी मुद्दाम सांगितलं की देवघर बाथरूमशेजारी हलवू या. तरी ते म्हणाले, तू म्हणशील तसं, आणि पेपर उलटला. त्या दिवशी मी ढसाढसा रडले, आणि का रडतेय हे त्यांना सांगता येईना. उलट कोर्टात! तिथे माझ्या एकेका शब्दावर वकील उठून उभे राहायचे. ‘ढकललं’ की ‘लोटलं’, यावरून दोन काळे डगले एकमेकांच्या अंगावर जायचे आणि जज्जसाहेब माझ्याकडे बघायचे. बाई, तुमचं काय म्हणणं? त्या क्षणी मी आहे याची मला खात्री असायची. नंतर ती खात्री मला या ग्रुपाने दिली. दुसरं काही मागितलं नव्हतं मी म्हातारपणी. घर नको, सोनं नको, काशी नको. माझं म्हणणं खोडून काढणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते मनापासून खोडणारं.

मग घरातल्या गोष्टी एकेक उभ्या राहायला लागल्या. शिवानी मला सकाळी दोन गोळ्या देते आणि म्हणते, व्हिटॅमिन. गॅसचं बटण आता सिलिंडरपाशीच बंद असतं. परवा मी झाऱ्याला काय म्हणतात ते शोधत कढईसमोर उभी राहिले, पुऱ्या काळ्या झाल्या, आणि शिवानी काही बोलली नाही. पूर्वी बोलली असती. पूर्वी आमचं फोडणीच्या वासावरूनसुद्धा वाजायचं. विनीत ऑफिसातून आला की माझ्या खोलीत डोकावून विचारतो, ‘काय, आज काय वाचलंस?’ आणि उत्तर ऐकताना त्याचे डोळे माझ्या तोंडाकडे असतात, माझ्या बोलण्याकडे नसतात. मला हे सगळं दिसत होतं. मी त्याला म्हातारपणाचा मान समजत होते. कर्म माझं!

मी साडी नेसले. शिवानी लॅपटॉपवर काम करत बसलेली. ‘आई, कुठे निघालात?’ म्हटलं, ‘नौपाड्यात. योगिनीकडे.’ मला वाटलं अडवेल, उन्हाचं कारण काढेल, टेंभी नाक्याला देवीची गर्दी आहे म्हणेल. तिने नुसतं ‘बरं’ म्हटलं, स्वतःच्या फोनवरून मला गाडी बोलावून दिली, आणि पाण्याची बाटली पर्समध्ये घातली. लिफ्टचं दार बंद होताना तिचा अंगठा फोनवर भराभर चालताना दिसला. दार बंद झालं. मला राग आला, पण कशाचा ते नीट धरता येईना.

शिळफाट्यावरून गाडी निघाली. रस्ता कायम खणलेला, दोन्ही बाजूंना नवे टॉवर, त्यांच्यावर बाल्कनीत पुस्तक वाचणाऱ्या गोऱ्या बायकांची चित्रं. मी सारखी एकच गोष्ट घोकत होते. पाळी. परत तेच. पाळी. परत तेच. मला भीती वाटत होती की पोचेपर्यंत हे हातातून निसटेल आणि मी योगिनीच्या दारात उभी राहून म्हणेन, सहज आले. लिहून ठेवा, असं मला सगळे सांगतात, कोण सांगतं ते आठवत नाही, पण सांगतात. नाही ठेवणार. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं, स्वतःचं डोकं मी कागदावर ठेवणार नाही. योगिनीचा चेहरा डोळ्यापुढे आणला. दातांची डॉक्टर आहे ती, मला मुलगी असती तर तिच्या वयाची शोभली असती, आणि जीभ माझ्याहून तिखट. ग्रुपात आली त्याच आठवड्यात तिने माझ्या लिहिण्याला ‘कोर्टाचा निकाल’ म्हटलेलं. ‘ताई, तुम्ही वाचत नाही, तुम्ही सुनावणी घेता.’ मी तेव्हा हसून हसून बेजार झालेले. बाकी कोणाचं खोटं निघालं तरी चालेल, तिचं निघू नये, एवढंच मी देवाला म्हणत होते, आणि देवाला मी सहसा काही म्हणत नाही.

टेंभी नाक्याच्या अलीकडेच पोलिसांनी रस्ता बंद केलेला. ड्रायव्हर म्हणाला, ‘आंटी, आगे नहीं जाएगी, देवी का बंदोबस्त है.’ उतरले. नवरात्रातली दुपार, मांडवाचं कापड उन्हाने तापलेलं, ओट्या आणि फुलांच्या वासात जनरेटरचा धूर मिसळलेला, बायकांची रांग नाक्यापासून आत कुठेतरी वळलेली. गर्दीतून चालताना बरं वाटलं. पाय आपसूक चालत होते. हे रस्ते माझे आहेत, इथे मी इतकी वर्षं डबा घेऊन चालले. पायांनी मला थेट कोर्टाच्या फाटकाशी आणून उभं केलं. मी पर्समध्ये ओळखपत्र शोधायला लागले. उशीर झालेला, साक्ष सुरू झाली असेल, साहेब विचारतील. पर्समध्ये पाण्याची बाटली होती. ही बाटली कोणी घातली? फाटकावरचा शिपाई मला बसायला खुर्ची देत होता, ‘आजी, पाणी पाहिजे का?’ आजी? आणि मग ते सगळं परत आलं, लिफ्ट, शिवानीचा अंगठा, पाळी, परत तेच. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या पोराला थँक्यू म्हणून मी रिक्षा केली आणि नौपाड्यात योगिनीच्या दवाखान्याची पाटी दिसेपर्यंत डोळे त्या पाटीसाठीच उघडे ठेवले.

दवाखान्यात एकही पेशंट नव्हता. भर दुपारी, नौपाड्यात, दातांच्या डॉक्टरकडे एकही पेशंट नाही. योगिनी दारातच उभी होती. ‘या ताई,’ म्हणाली. मी येणार हे तिला माहीत होतं. तिने मला आतल्या खोलीत नेलं, पेशंटच्या त्या लांब खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर बसली. दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं.

म्हटलं, ‘योगिनी, मला सरळ उत्तर पाहिजे. तुम्ही माझ्याशी भांडायच्या पाळ्या लावता?’

‘हो,’ ती म्हणाली.

मी तयारी केलेली ती नकाराची. ‘वेगळा ग्रुप आहे?’

‘आहे. तुमच्याशिवाय सगळे त्यात आहेत. शिवानीसुद्धा. नेव्हिल अंकल सारखे एकाचा मेसेज दुसऱ्यात टाकतात.’

‘लाज नाही वाटत?’ माझा आवाज चढला. बरं वाटलं चढला ते. ‘माझी दया करता? मी सांगितलेलं ना पहिल्या दिवशी, या ग्रुपात कोणी कोणाला सांभाळून घ्यायचं नाही! मला येडं बनवून घरी बसून हसता? त्यापेक्षा तोंडावर सांगायचं होतं, बाई, तुमचं डोकं गेलंय, गप्प बसा!’

‘सांगितलं होतं, ताई.’

‘कधी?’

स्टूल पुढे ओढून माझे दोन्ही हात तिने हातात घेतले. डॉक्टरांच्या हाताला येतो तो साबणाचा वास आला. ‘गुढीपाडव्याच्या आसपास. तुम्ही इथेच बसलेलात. तिसऱ्यांदा तेच पुस्तक आलेलं, मग मी स्वतःच तुम्हाला बोलावून सांगितलं. आणि तो दुसरा ग्रुप तुम्ही काढायला लावलात. पाळ्या तुम्ही लावून दिल्यात. म्हणालात, मला कुरवाळायला लागलात तर मी त्याच दिवशी मरेन. भांडा माझ्याशी. मी विसरले तरी भांडा, आणि मला कळू देऊ नका, कळलं तर त्यातली मजा जाईल. तुमचेच शब्द आहेत हे.’

खोटं बोलतेय, असं मला वाटलं. पण ते वाटणं टिकलं नाही. ‘त्यातली मजा जाईल.’ हे मीच बोलणार. दुसऱ्या कोणाला हे सुचणार नाही. माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून मी जन्मभर ओळखत आले, इथेही ओळखलं. मी हे सगळं आधी एकदा जाणलं होतं, यावर रडले असेन, मग डोकं चालवून मार्ग काढला होता, आणि मग मार्ग काढणारीच पुसली गेली. ती पाडव्याची बाई माझ्याहून हुशार होती. मला तिचा हेवा वाटला.

‘आणि त्यानंतर?’ मी विचारलं. ‘त्यानंतर मी आलेले का इथे? हे विचारायला?’

योगिनीने मान हलवली. तोंडाने हो म्हणवलं नाही तिला.

म्हणजे हा चहा, ही गादी झोडपणारी बाई, हे गाडीत घोकणं, हे सगळं आधी झालेलं. शिवानीने गाडी पटकन बोलावून दिली ती म्हणूनच. आणि कोर्टाचा शिपाई? त्यालाही मी ओळखीची असेन. माझ्याशिवाय सगळ्यांना मी पाठ आहे. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसले. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून कोणाला सांगणार?

‘एक सांग,’ मी म्हटलं. ‘ती भांडणं. त्यात काही खरं होतं का गं?’

‘सुरुवातीला सगळं खरं होतं. ते प्रकरण भरती आहे हे मी अगदी मनापासून म्हटलेलं. नंतर...’ तिचा आवाज फाटला. ‘नंतर ताई, मुद्दे संपले. शनिवारी रात्री मला धडधडायला लागतं. पेशंटच्या तोंडात हात असतो आणि मी डोक्यात रंगूबाईविरुद्ध काहीतरी शोधत असते. मी दुसरी पुस्तकं वाचायचीच बंद केलीयत. मुलगी विचारते, आई, तू त्या आजींवर का चिडतेस सारखी? आणि मी चिडलेली नसते, मी नाटक करत असते. नेव्हिल अंकलचं बीपी वाढलंय. दोघं ग्रुप सोडून गेले. मला आता ते पुस्तक दिसलं तरी नको होतं. खरं सांगू? ते कंटाळवाणं आहे. पहिल्यापासून कंटाळवाणं आहे!’

आणि ती रडायला लागली. चांगली बाई, नौपाड्यात स्वतःचा दवाखाना असलेली, ओढणीने नाक पुसत रडत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला, देवा शप्पथ, आनंद झाला. कंटाळवाणं! किती महिन्यांनी मला कोणी तोंडावर असं म्हटलं असेल. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ कळलं की हा आनंद मी या पोरीच्या जिवावर घेतेय. मी भीक मागितली नव्हती, मी वसुली लावून दिलेली. मला मनापासूनचं भांडण हवं होतं, आणि त्यासाठी मी चार चांगल्या वाचणाऱ्या माणसांना नाटकाला जुंपलं होतं. प्रभाकर निदान मनापासून ‘तू म्हणशील तसं’ म्हणायचे.

‘बंद करा,’ मी म्हटलं. ‘आजपासून. मी मोकळं केलं तुम्हाला.’

‘हेही म्हणता तुम्ही. प्रत्येक वेळी. मग रविवार येतो आणि तुम्ही लिहिता. इतक्या हौसेने लिहिता ताई, की कोणाला गप्प बसवत नाही.’

म्हणजे शब्दाचा उपयोग नाही. माझा शब्द माझ्यापाशीच राहत नाही, तो तुम्हाला काय पुरणार? मी फोन काढला. ‘पाठकोरे’ उघडलं. नेव्हिलच्या झाडाखाली अजून कोणी काही बोललं नव्हतं, सगळे श्वास रोखून बसलेले असणार. मी योगिनीला म्हटलं, ‘बाहेर पडायचं कुठून दाबतात ते दाखव. आणि नेव्हिलला सांग, मी कितीही मागे लागले तरी परत घ्यायचं नाही.’

तिने माझा हात धरला. ‘नाही. ताई, नाही. उद्या तुम्हाला वाटेल आम्ही काढलं.’

‘वाटेलच.’

‘तुम्ही फोन कराल.’

‘करीन. वाट्टेल ते बोलेन. कृतघ्न म्हणेन, तुझ्या दवाखान्याला आग लागो म्हणेन, मला ओळखते मी. तेव्हा खरं सांगायचं नाही. मी स्वतः गेले हे कळलं तर मी परत येईन, पाया पडून येईन. म्हणायचं, हो, काढलं.’

‘मी असं म्हणणार नाही.’

‘म्हणायचं.’

‘नाही म्हणणार! तुम्हाला काय वाटतं, तुम्ही विसराल म्हणजे झालं? मला लक्षात राहणार ना! तुम्ही मरेपर्यंत मी तुमच्या मनात ती दुष्ट बाई होऊन राहू? का म्हणून? कोण तुम्ही मला हे सांगणाऱ्या?’

‘आणि तू कोण मला अडवणारी? माझं डोकं आहे, ते गेलंय, आणि जाता जाता काय मोडायचं ते मी ठरवीन!’

‘स्वार्थी आहात तुम्ही! आधीही स्वार्थी होतात, आताही आहात. आता नुसतं त्यागाचं सोंग आहे!’

‘असेल! पण सोंग माझं आहे, तुझं तरी संपेल!’

आम्ही भांडलो. बाहेरची रिसेप्शनिस्ट दार उघडून बघून गेली. योगिनीचा चेहरा लाल झालेला, शब्द अडखळत होते, मुद्द्याला मुद्दा लागत नव्हता. पाळीचं भांडण इतकं वेडंवाकडं नसणार. माझी कानशिलं तापलेली, आणि मी होते, पूर्वी जज्जसाहेब बघायचे तेव्हा असायचे तशी तिथे होते. हे टिकणार नाही, संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही. टिकवायचं असतं तर ग्रुप सोडायला नको होता. मी हात सोडवून घेतला आणि फोन तिच्यापुढे धरला. बऱ्याच वेळाने तिने बोट ठेवून जागा दाखवली. दाबलं मीच. टेबलावर तिचा फोन थरथरला, मी बाहेर पडल्याचं त्याच्यावर आलं असणार. तिने तो उलटा करून ठेवला.

‘आता म्हणून दाखव,’ मी म्हटलं. ‘उद्या त त प प करशील. समज फोन आलाय. का काढलंत मला?’

तिने मान खाली घातली. म्हटलं, ‘वर बघून.’

‘आम्ही काढलं तुम्हाला,’ ती म्हणाली.

‘का?’

‘तुम्ही तेच तेच लिहिता म्हणून.’

‘आणखी.’

‘आणि आता तुमच्याशी बोलण्यात कोणाला काही राहिलेलं नाही.’

हे मी सांगितलं नव्हतं, हे तिचं तिने घातलं. चांगलं होतं, तिच्या वयाची असताना मीही असंच घातलं असतं. मी ‘बरोबर’ म्हटलं आणि उठायला गेले. उद्या हे ऐकणारी बाई काही माहीत नसताना ऐकणार. मला तर आत्ता सगळं माहीत होतं, आणि तरी इतकं लागलं की योगिनीने धरून मला परत स्टुलावर बसवलं.